आधी समोरच्याचं, मग आपलं

चौथ्या मजल्यावरच्या आजी बोलायला उभ्या राहिल्या की आमच्या सोसायटीच्या सभेत चुळबुळ सुरू व्हायची. त्या काय म्हणणार हे सगळ्यांना पाठ होतं. "पाणी सहालाच सोडायचं. सातला चालणार नाही."

उन्हाळा कडक होता. आमची 32 फ्लॅटची, दोन विंगची सोसायटी. दिवसाआड टँकर मागवावा लागत होता, म्हणून सकाळचं पाणी सहाऐवजी सातला सोडायचं आणि दीड तासात बंद करायचं, असा विषय सभेपुढे होता. मी तेव्हा सचिव होतो. आजींचं बोलणं झालं की मी टँकरचं बिल वाचून दाखवायचो. खजिनदार टाकीची क्षमता सांगायचे. कुणीतरी मागून म्हणायचं, "आजी, सगळ्यांनीच थोडं ॲडजस्ट करायला हवं ना." मग आजी तेच वाक्य आणखी मोठ्या आवाजात म्हणायच्या. तीन सभा अशाच गेल्या.

चौथ्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेने हात वर केला. ती आमच्याकडे नवीनच राहायला आली होती. तिने बिलाचा विषयच काढला नाही. म्हणाली, "आजी, मला समजलं ते असं, की पाणी सातला आलं तर तुमचं सकाळचं एखादं काम होतच नाही. नुसतं उशिरा होतं असं नाही, होतच नाही. बरोबर समजलं का मला?"

आजी क्षणभर गप्प झाल्या. मग खाली बसून, नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "यांना आंघोळ घालायला बाई येते ना. ती सहा ते पावणेसात असते. पुढे तिला दोन घरं आहेत. मला एकटीला हे उचलत नाहीत."

आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळून होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण पाण्याच्या वेळेशी त्याचा संबंध लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं, कारण "सहालाच का?" असं कुणी विचारलंच नव्हतं. मागे उभा असलेला वॉचमन तेवढ्यात म्हणाला, "साहेब, दोन्ही विंगचे व्हॉल्व्ह वेगळे आहेत. बी विंगचा सहाला वीस मिनिटं उघडतो मी." प्रश्न पाच मिनिटांत सुटला. वॉचमनलाही तोवर कुणी विचारलं नव्हतं.

त्या शिक्षिकेने नेमकं केलं काय, हे मी नंतर बरेच दिवस समजून घेत राहिलो. चार माणसं एकत्र बसून बोलतात तिथे लागणारं जे कौशल्य आहे, त्याचा गाभा मला त्या एका वाक्यात दिसतो. तिने आजींचं म्हणणं आजींना मान्य होईल अशा शब्दांत मांडलं आणि ते बरोबर आहे का, हे त्यांनाच विचारलं. स्वतःचं मत ती त्यानंतरच सांगणार होती.

हे आपल्याकडे नवीन नाही. शास्त्रग्रंथांची जुनी रीत अशीच आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्या सगळ्या जोरासकट मांडायचं, मग त्यावर आपलं उत्तर, आणि शेवटी सिद्धांत. पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर उत्तरालाही किंमत उरत नाही.

आज 'वाद' म्हटलं की आपल्याला भांडण आठवतं. 'वाद घालू नकोस' हे आपण लहान मुलालाही सांगतो. पण गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वाद हा चर्चेचा चांगला प्रकार आहे. तिथे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी दोघं बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी, वाटेल ती युक्ती वापरून बोलतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडत बसायचं, ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण अजून वापरतो, पण पहिल्या दोहोंतला फरक मात्र बोलीतून निसटला. परिणाम असा, की चर्चा तापली की ती कुठल्या प्रकारात गेली हे सांगायला आपल्याजवळ शब्द उरत नाही. आपण नुसतं म्हणतो, "वाद झाला."

चरकसंहितेत तर हे वैद्यांसाठी अगदी कामाच्या भाषेत लिहिलं आहे. त्यातल्या विमानस्थान नावाच्या विभागाच्या आठव्या अध्यायात वैद्याने वैद्याशी चर्चा कशी करावी ते येतं, आणि चर्चेचे दोन प्रकार केले आहेत: संधाय संभाषा, म्हणजे जुळवून घेत केलेली, आणि विगृह्य संभाषा, म्हणजे सामना म्हणून केलेली. पहिल्या प्रकारात कसं वागावं? मोकळेपणाने बोलावं, मोकळेपणाने विचारावं. आपण हरू या भीतीने अस्वस्थ होऊ नये. दुसरा निरुत्तर झाला म्हणून हरखून जाऊ नये आणि चारचौघांत त्याची बढाई मारू नये. अज्ञानापोटी एकच बाजू धरून बसू नये. रुग्णाचं बरंवाईट ज्यांच्या चर्चेवर ठरायचं त्यांना हे शिकवणं गरजेचं वाटलं, यात मला फार अर्थ दिसतो.

विसाव्या शतकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स याच ठिकाणी वेगळ्या वाटेने पोचले. 1951 साली एका परिषदेत त्यांनी एक प्रयोग सुचवला. दोघांचं किंवा गटाचं बोलणं हातघाईवर आलं की एक नियम लावायचा: आधीच्या माणसाचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याचं समाधान होईल इतकी अचूक सांगितल्याशिवाय कुणी स्वतःचं बोलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहिलं की कळतं, पहिल्या फेरीत बहुतेकांना ते जमत नाही. त्यांनी कान दिलेला असतो, पण उत्तरासाठी.

याला कारण आहे. आपण बोलतो तेव्हा एकाचं संपण्यात आणि दुसऱ्याचं सुरू होण्यात फार थोडा वेळ जातो. जपानी, कोरियन, इटालियन अशा दहा भाषांमधली संभाषणं मोजून 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांतलं सरासरी अंतर साधारण 200 मिलिसेकंद निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. उलट, एखादा साधा शब्द मनात जुळवून तोंडातून बाहेर काढायलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक लागतो. याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजू लागलेलं असतं. गप्पांमध्ये हे ठीक आहे, त्यानेच गप्पा रंगतात. पण सभेत, जिथे समोरच्याचं वाक्य आपल्याला आवडलेलं नाही, तिथे आपण त्याच्या पहिल्या चार शब्दांवर उत्तर बांधतो आणि उरलेलं ऐकतच नाही. आजींच्या बाबतीत मी हेच केलं होतं. "पाणी सहालाच" एवढं ऐकलं की माझा हात बिलाच्या फाइलकडे जात असे.

म्हणून थोडं थांबायला शिकणं ही पहिली पायरी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात शाळेच्या वर्गांत पाहिलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, आणि एरवी गप्प बसणारीही तोंड उघडतात. सभेचंही तसंच आहे. अध्यक्षांनी "कुणाला काही विचारायचंय?" म्हणून लगेच "नाही ना, मग पुढचा विषय" म्हटलं, की ज्याला मनात वाक्य जुळवायला वेळ लागतो तो कायमचा राहून जातो. मनात एक, दोन, तीन मोजायचे. शांतता अवघड वाटते, पण तिला घाबरायचं नाही.

दुसऱ्याचं म्हणणं परत मांडायचं म्हणजे पोपटपंची नव्हे. त्यात तीन गोष्टी याव्या लागतात: त्याला काय हवंय, का हवंय आणि त्याला त्याचं कसं वाटतंय. मांडताना आपला रंग त्यात मिसळायचा नाही. "म्हणजे तुम्हाला सोसायटीचा खर्च वाढलेला चालेल" हे वाक्यही 'म्हणजे' नेच सुरू होतं, पण तो आरोप आहे. खरी कसोटी एकच: समोरचा मान हलवून "हो, हेच म्हणायचंय" म्हणतो का? तो म्हणाला "अहो, तसं नाही", तर पुन्हा विचारायचं, "मग माझं काय चुकलं ते सांगा." यात कमीपणा नाही, आणि त्याचं म्हणणं पटलं असाही त्याचा अर्थ होत नाही. नंतर खुशाल विरोध करा. आपलं बोलणं पोचलं हे कळलेला माणूस विरोध ऐकून घेतो. ते पोचलंच नाही असं ज्याला वाटतं, तो तेच पुन्हा, आवाज चढवून बोलतो.

मराठी बोलण्यातल्या काही लकबी इथे आड येतात, त्या जरा जवळून पाहण्यासारख्या आहेत. "तसं नाही हो" ही त्यातली पहिली. पुष्कळदा आपण समोरच्याशी सहमत असतो, फक्त थोडी भर घालायची असते, तरी सुरुवात "तसं नाही हो" नेच होते. एकदा आमच्या एका सभेच्या रेकॉर्डिंगवरून मी ही वाक्यं मोजली. निम्म्याहून अधिक वेळा पुढे आलेला मुद्दा विरोधाचा नव्हताच. पण ऐकणाऱ्याने ते तीन शब्द ऐकले की त्याची पाठ ताठ होते. त्याजागी "बरोबर, आणि त्यात एक भर" एवढं म्हटलं तरी सूर बदलतो.

दुसरी लकब, "आमचं काही म्हणणं नाही." हे वाक्य संमती म्हणून लिहून घेतलं जातं, पण बोलणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा उलट असतं. त्याला म्हणायचं असतं, "बोलून उपयोग नाही." हे वाक्य ऐकलं की अध्यक्षांनी तिथे थांबावं आणि हलक्या आवाजात विचारावं, "यात तुम्हाला काय अडचण वाटते?" 'अडचण आहे का' असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. 'काय अडचण' विचारलं तर माणूस सांगतो.

आणि तिसरी, संबोधनाची. एकाच सभेत एकाला आपण 'साहेब' म्हणतो, त्यांच्या पत्नीला 'वहिनी', पंचविशीतल्या सभासदाला 'अरे', आणि वॉचमनला नुसत्या नावाने हाक मारतो. घराघरांतली ही नाती मला प्रिय आहेत, जिन्यात आणि गणपतीच्या मांडवात ती असावीतच. पण सभेत 'अरे' आणि 'अहो' यांनी कुणाच्या वाक्याला किती वजन हे आधीच ठरून जातं. वहिनींनी आर्थिक प्रश्न विचारला की उत्तर साहेबांकडे बघून दिलं जातं, हे मी स्वतः पाहिलं आहे. सभा सुरू असेपर्यंत सगळ्यांना 'अहो' आणि सगळ्यांना नाव किंवा आडनाव, एवढा साधा नियम आम्ही केला. सुरुवातीला ज्येष्ठांना तो परका वाटला. मात्र तरुण सभासदांचं बोलणं पहिल्यापेक्षा वाढलं.

कोण आधी बोलतो यालाही महत्त्व आहे. भारतीय सैन्याच्या लष्करी न्यायालयात निर्णयाच्या वेळी मतं विचारली जातात ती सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून, म्हणजे वरिष्ठांचं मत ऐकून कुणी आपलं बदलू नये. हा विचार सोसायटीत, शाळेच्या पालकसभेत, महिला बचतगटातही चालतो. अध्यक्षांनी आपलं मत सगळ्यात शेवटी सांगायचं.

गटात माणूस एकटा पडला की काय होतं, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं. कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी लांब आहे, एवढाच प्रश्न होता. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं होतं. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच सांगून ठेवलेली, ती ठरवून चुकीचं उत्तर देत. अशा वेळी खऱ्या सहभागींची सुमारे एक-तृतीयांश उत्तरं बहुमताबरोबर चुकली. मात्र खोलीत आणखी एकानेही बरोबर उत्तर दिलं, तर ही चूक झपाट्याने कमी झाली. मला या प्रयोगातला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. तुम्हाला एखाद्याचं म्हणणं पूर्ण पटलेलं नसलं, तरी "हा मुद्दा मला विचार करण्यासारखा वाटतो, त्यांना पूर्ण बोलू द्या" एवढं सभेतच, सगळ्यांसमोर म्हणा. सभा संपल्यावर जिन्यात जाऊन "तुमचं बरोबर होतं हो" सांगितलं, तर तोवर ठराव होऊन गेलेला असतो.

आता मेंढा गावाबद्दल, कारण या सगळ्याचं मला माहीत असलेलं सर्वांत भक्कम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात लेखा गावाजवळ मेंढा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे नाव बाहेर पोचलं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या हक्कांपैकी तो एक. 2011 साली तिथल्या ग्रामसभेच्या हाती स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले.

पण हक्क मिळण्याच्या कितीतरी आधी या गावाने बोलण्याची पद्धत ठरवली होती. तिथे दोन वेगळ्या बैठका आहेत. एक अभ्यास गट. त्यात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, उलटसुलट बोलायचं. पण निर्णय घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभा. निर्णय तिथे, आणि तो बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एखाद्याचीही हरकत असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि चर्चा चालू राहते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, असं कधी काम होईल का? एकट्याने अडवून धरलं तर? पण बारकाईने पाहा, या रचनेत काय घडतं. ज्या बैठकीत निर्णयच नाही, तिथे हरणं-जिंकणंही नाही. तिथे माणूस "मला हे समजलं नाही" असं म्हणू शकतो, कालचं मत बदलू शकतो. आणि जिथे निर्णय आहे, तिथे बहुमताचा आकडा जमवून मोकळं होता येत नाही. म्हणून हरकत घेणाऱ्याचं म्हणणं मुळापासून समजून घेणं ही बाकी सगळ्यांचीच गरज बनते. पूर्वपक्ष मांडायला तिथे कुणाला सांगावं लागत नाही, त्यावाचून पुढे सरकताच येत नाही.

आमच्या सोसायटीत सर्वसहमतीचा नियम करता येणार नाही. सहकार कायदा आणि उपविधी बहुमताच्या ठरावावर चालतात. पण अभ्यास गटाचा भाग उचलायला काही आडकाठी नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना 14 दिवस आधी द्यावी लागते. हे दिवस आम्ही नोटीस फलकावर लावून वाया घालवत होतो. आता त्या मधल्या काळात एका संध्याकाळी टेरेसवर चटया टाकून बसतो. अजेंडावरचा सर्वांत अवघड विषय घेतो, वॉचमन आणि प्लंबरलाही बोलावतो, आणि सुरुवातीलाच सांगतो की आज काही ठरणार नाही. पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. प्रत्येकाने कागदावर आपली अडचण आणि आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट लिहायची. हे कागद मग वाचले जातात. याचं कारण व्हॉल्व्हने शिकवलं. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवरच गट तासन् तास बोलतो, आणि एकालाच माहीत असलेली गोष्ट त्याच्या खिशातच राहते. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली गटांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. आदराने बोलणं म्हणजे काहीही खपवून घेणं नव्हे. कुणी जातीवरून, भाड्याने राहण्यावरून, एकटं राहण्यावरून बोललं, तर ते तिथल्या तिथे थांबवायला हवं, आणि ते अध्यक्षांचं काम आहे. मी वापरतो ते वाक्य असं: "हा शब्द मागे घ्या. तुमचा मुद्दा राहू द्या, त्यावर आपण बोलू." माणसाला बाहेर काढायचं नसतं, त्या शब्दाला बाहेर काढायचं असतं. तरीही तो शब्द मागे घेतला नाही, तर चर्चा तिथे थांबवायची आणि जो दुखावला त्याला आधी बोलू द्यायचं. विषय उद्या घेता येतो.

शेवटचं काम इतिवृत्ताचं. पूर्वी मी "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली व ठराव बहुमताने मंजूर झाला" एवढं लिहून मोकळा व्हायचो. चर्चेत कुणी काय म्हटलं याचा त्यात मागमूस नसे, आणि पुढच्या सभेत तीच माणसं तेच मुद्दे घेऊन उभी राहत. आता ज्याने हरकत घेतली त्याची हरकत त्याच्याच शब्दांत लिहितो आणि वही मिटण्याआधी त्याला वाचून दाखवतो.

पाण्याच्या त्या सभेनंतर आजींकडे वही घेऊन गेलो होतो. मी लिहिलं होतं: 'बी विंगमधील एका सभासदाच्या घरी आजारी व्यक्तीची सकाळी शुश्रूषा होत असल्याने सहा वाजता पाणी आवश्यक.' आजींनी चष्मा लावला, बोट फिरवत ओळ वाचली. 'शुश्रूषा' वर थांबल्या. म्हणाल्या, "आंघोळ लिहा. आंघोळच घालते ती." मी शब्द खोडून वर 'आंघोळ' लिहिलं. त्यांनी पुन्हा वाचलं आणि शेजारी सही केली.